शेतनोंद : आमराईला पिवळा रंग



आज हरभऱ्यातल्या घाटेअळीवर लिहायचं ठरलं होतं. कामगंध सापळ्यांचे फोटोही काढून ठेवलेत. पण मंगळवारी बाजाराला तालुक्याला गेलो आणि डोकं फिरलं. घाटेअळी पुढच्या नोंदीत. आज दुसऱ्याच अळीबद्दल.

नगरपरिषदेच्या जिन्याखाली नव्या विकास आराखड्याचा, म्हणजे सगळे ज्याला डीपी म्हणतात त्याचा नकाशा लावलाय. हद्दवाढीत आमचं निम्मं शिवार शहरात गेलंय, त्यामुळं आमच्या जमिनीही आता त्या नकाशात आहेत. तासभर उभा राहून स्वतःचा गट शोधला. मग भावकीची आमराई शोधली. सापडली. पिवळी केलीय. पिवळा म्हणजे रहिवासी. तिथं चाळीस गावरान आंबे आहेत. शेंदऱ्या, खोबऱ्या, शेप्या, गोटी अशी एकेका झाडाला नावं आहेत, आणि आता त्यांना मोहर फुटतोय. नकाशात त्यातलं एकही झाड नाही. नुसता पिवळा चौकोन आणि त्यातून गेलेला १८ मीटरचा रस्ता.

आता गंमत बघा. आमराईपासून अर्ध्या किलोमीटरवर एका गरीब माणसाची दोन एकर काळी रान आहे. विहीर आहे, बांधावर दोन बोरी सोडल्या तर झाड म्हणून नाही. त्या दोन एकरावर हिरवा रंग. आरक्षण : उद्यान.

म्हणजे झाडं आहेत तिथं घरं, आणि पीक आहे तिथं झाडं लावायची. त्यासाठी त्या माणसाची जमीन अडकवायची. संपादनाला पैसे नाहीत म्हणून बाग होणार नाही, आणि आरक्षण आहे म्हणून त्याला धड विकताही येणार नाही. नगररचना कायद्यात, १९६६ च्या, कलम १२७ आहे. आराखडा मंजूर होऊन दहा वर्षं झाली आणि जमीन घेतली नाही, तर मालकानं नोटीस द्यायची, मग पुन्हा दोन वर्षं थांबायचं, तेव्हा कुठं आरक्षण सुटतं. बारा वर्षांत त्याची पोरगी लग्नाला येईल.

टेबलावरच्या साहेबांना विचारलं, "साहेब, इथं आमराई आहे, ती बागेसाठी का नाही धरली?" ते म्हणाले, "सर्व्हेमध्ये ती शेती म्हणून आलीय, काका. झाडं वेगळी दाखवत नाहीत." माणूस भला होता, चहाही पाजला. चूक त्यांची एकट्याची नाही. पद्धतच तशी आहे. आराखडा करायच्या आधी कलम २५ प्रमाणं आत्ता जमीन कशी वापरात आहे त्याचा नकाशा करावा लागतो. त्यात विहीर येते, ओढा येतो, देऊळ येतं, विजेची तारसुद्धा येते. शंभर वर्षांचा आंबा येत नाही. जो नकाशात नाही तो रस्त्याच्या आड येणारच. मग रस्ता आखून झाल्यावर सगळे म्हणणार, बघा, झाडं विकासाच्या आड येतात.

झाड रस्त्याच्या आड आलेलं नाही, रस्ता झाडाच्या आड आलाय. झाड आधी होतं.

कायदा नाही का? आहे की, एक सोडून दोन आहेत, आणि तिथंच खरी मेख आहे.

खेड्यात आपल्याला लागू होतो तो १९६४ चा झाडतोड नियमनाचा कायदा. त्यात झाडांची एक यादी आहे : साग, आंबा, चिंच, जांभूळ, मोह, फणस, खैर, चंदन, हिरडा, अंजन अशी. या यादीतलं झाड तोडायचं तर परवानगी. आपल्या भागातला लिंब त्या यादीत नाही, बाभूळ नाही, वडही नाही. शहरात मात्र १९७५ चा नागरी क्षेत्रातला झाडं जतन करायचा कायदा. तिथं यादी वगैरे भानगड नाही. खासगी जागेतलंसुद्धा झाड तोडायचं तर वृक्ष प्राधिकरणाकडं अर्ज, झाडावर नोटीस, लोकांच्या हरकती, मग निर्णय. २०२१ च्या सुधारणेनं ५० वर्षांवरच्या झाडाला प्राचीन वृक्ष म्हणून वेगळा मान दिला. तोडलंच तर त्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावायची, रोप किमान सहा फुटाचं, आणि सात वर्षं जगवायची.

कागदावर याला नाव ठेवायला जागा नाही. पण हा कायदा आमच्या शिवारात शिरला कसा ते ऐका.

हद्दवाढीची बातमी आली त्या महिन्यात करवतीवाल्यांची चंगळ झाली. गावात एकच बोलणं : "आता तोडून घ्या, उद्या शहरात गेल्यावर आपल्याच बांधावरचा लिंब तोडायला साहेबाच्या दारात बसावं लागंल." माझ्या शेजाऱ्यानं एका रात्रीत चौदा लिंब पाडले. पोरीच्या शिक्षणाला, घराच्या स्लॅबला, कधी अडचणीला विकता येईल म्हणून बापानं राखलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या बांधावरनं गेलो तर सगळीकडं पांढरा भुसा आणि बगळ्यांची घरटी खाली. तो नजर चुकवत म्हणाला, "मला काय हौस होती का दादा?" नव्हती. मला माहिती आहे.

झाडं वाचवायच्या कायद्याच्या नुसत्या चाहुलीनं झाडं गेली. ज्यानं तीस वर्षं लिंब राखला त्याला कायदा म्हणतो, आता हे तुझ्या हातात नाही. ज्यानं दहा वर्षांपूर्वीच बांध साफ केला त्याला कायदा काहीच म्हणत नाही, त्याचा प्लॉट मोकळा, त्याला भावही जादा. राखणाऱ्याला शिक्षा आणि साफ करणाऱ्याला बक्षीस. अशानं पुढच्या हद्दवाढीला कोण झाड ठेवील?

आणि आपण तरी काय धुतल्या तांदळासारखे आहोत का? लिंबाखाली चार-पाच ओळी ज्वारी खुरटते म्हणून आपणच फांद्या खोडतो. बुंध्याला पाचट पेटवून द्यायचं आणि झाड वाळलं की 'आपोआप गेलं' म्हणायचं, हेही आपलंच. कृषी खात्यातले मित्र वाचत असतील तर त्यांनाही सांगतो. 'बांध स्वच्छ ठेवा' हे तुम्ही प्रत्येक घडीपत्रिकेत छापता. शेतकरी त्याचा अर्थ तणापुरता घेत नाही. खाली एक ओळ जास्त छापायला काय जातं?

आता शहरात काय चाललंय ते बघू. तिथं कायदा जुनाच आहे, म्हणजे झाडं सुखरूप असायला हवीत.

दोन वर्षांपूर्वी बाजाराकडं जाणारा रस्ता रुंद केला. दोन्ही बाजूंना जुने वड, पिंपळ, लिंब होते. नोटीस लावली होती, खोटं कशाला बोलू. खिळ्यानं ठोकलेला कागद, त्यावर सात दिवसांची मुदत. आठवडी बाजाराला येणारा माणूस सात दिवसांनी एकदा येतो. त्यानं ती वाचेपर्यंत हरकतीची मुदत संपलेली. पेपरातल्या जाहिरातीची अक्षरं खताच्या पिशवीवरच्या बारीक अक्षरांपेक्षाही बारीक.

मग ती बदली झाडं. ऐंशी वर्षांच्या वडाबदली ऐंशी रोपं. कुठं लावली? शहरात जागा नाही म्हणून आमच्या गायरानात! शहराचा विकास झाला आणि त्याची भरपाई आमच्या शेळ्या-मेंढ्यांनी दिली. मुरमात फुटाफुटाचे खड्डे, टँकर पहिल्या उन्हाळ्यापर्यंत आला, नंतर नाही. २०१६ पासून २ कोटी, ४ कोटी, १३ कोटी, ३३ कोटी अशी वृक्षलागवडीची उद्दिष्टं आपण पाहिलीत. आमच्या गायरानातले काही खड्डे त्या प्रत्येक वर्षी कामाला आले. खड्डा तोच, बोर्ड नवा.

रस्त्याच्या दुभाजकात मात्र हिरवंगार आहे. कोनोकार्पस! भराभर वाढतो, जनावर तोंड लावत नाही, फोटोत छान दिसतो. गुजरातनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, तेलंगणानं त्याच्याही आधी. आमच्याकडं अजून ट्रक भरून येतोय. चौकात रॉयल पाम. पामाची सावली किती? ती खांबाएवढी. जुने दोन लिंब वाचलेत, पण बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक आणि सिमेंट. पाणी मुरायला बोटभर जागा नाही. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्येच दिल्लीत सांगितलंय की झाडाभोवती एक मीटर जागा सिमेंटमुक्त ठेवा. आपल्याकडं त्याला सुशोभीकरण म्हणतात आणि त्याचं बिल निघतं.

त्या तुटलेल्या वडांचं माझ्या शेताशी काय देणंघेणं, असं एकानं विचारलं. सांगतो.

मी दर साल अर्धा एकर कांद्याचं बी धरतो. कांद्याच्या फुलात पुंकेसर आधी पिकतात, स्त्रीकेसर नंतर. म्हणजे त्याच फुलाचा पराग त्याच फुलाला कामाला येत नाही. माशी एका फुलावरून दुसऱ्यावर गेली तरच बी भरतं. आपल्या भागात हे काम मोठ्या प्रमाणात करते ती आग्या माशी. तिला पेटीत ठेवता येत नाही. तिला उंच, जुनं, आडव्या फांद्यांचं झाड लागतं, आणि ती साल-दरसाल त्याच त्याच झाडांवर परत येते. बाजार रस्त्याच्या वडांवर पंधरा-वीस पोळी लोंबायची, लहानपणापासून बघतोय. ते वड माझ्या प्लॉटपासून दोन-सव्वादोन किलोमीटर. तोड झाली त्यानंतरच्या फेब्रुवारीत सकाळी दहा वाजता गोंड्यांवर उभा राहिलो तर आवाजच नाही. नुसते हिरवे माशीपतंग. गोंडे मोठे, आतलं बी पोचट. त्या साली शेवटी पेट्या भाड्यानं आणल्या. एका हंगामावरून निष्कर्ष काढू नये हे मलाही कळतं, हवामानही वेडंवाकडं होतं. पण पेट्यांचं भाडं माझ्या वहीत लिहिलेलं आहे. रस्त्याच्या अंदाजपत्रकात ते कुठल्याच रकान्यात नाही.

असेच निंबोळीचे. पाच टक्के अर्क करायला शंभर लिटरला पाच किलो निंबोळी पावडर लागते. पूर्वी बायका जूनमध्ये बाजार रस्त्यावरनंच पोती भरून आणायच्या, चार पैसे त्यांनाही सुटायचे. आता आम्ही निंबोळी तेलाची बाटली विकत आणतो. तीही त्याच रस्त्यावरच्या दुकानातून.

यावर नेहमीचा सवाल येतो : तुम्हाला विकास नको का? पोरांना नोकऱ्या नकोत का?

पाहिजेत. रस्ता पाहिजे, शीतगृह पाहिजे, पोरांना तालुक्यातच काम पाहिजे. माझा पुतण्या पुण्यात दहा बाय दहाच्या खोलीत राहतो, मला विकासाचं महत्त्व शिकवू नका. पण आमच्या तालुक्याचं शहर कशावर जगतं ते तरी आराखडा करणाऱ्यांनी बघावं. कारखाना एकही मोठा नाही. शहर जगतं ते आडतीवर, जनावरांच्या बाजारावर, खतं-बियाणं-औषधांच्या दुकानांवर. म्हणजे आमच्या येण्यावर. एप्रिलच्या उन्हात कांद्याचा ट्रॅक्टर घेऊन आडतीच्या रांगेत सहा तास उभा राहणारा माणूस आणि बाजारात बांधलेली म्हैस, यांना सावली ही चैन नाही. दुकानदाराला विचारा, पूर्वी गिऱ्हाईक लिंबाखाली दोन तास टेकायचं, चहा प्यायचं, चार वस्तू जास्त घ्यायचं. आता काम झालं की पळतं. झाडं शहराच्या धंद्याच्या आड येत नव्हती, ती धंद्याचा मांडव होती.

काही शहाणे म्हणतात, झाडाची किंमत काढा म्हणजे लोक जपतील. काढली की! पश्चिम बंगालमधल्या रेल्वे पुलांसाठी ३५६ झाडं तोडायचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा तज्ज्ञ समितीनं २०२१ मध्ये हिशोब दिला : एका झाडाची किंमत वर्षाला ७४,५०० रुपये. सगळीकडं बातम्या झाल्या, व्हॉट्सॲपवर फिरली. आणि २०२३ मध्ये त्याच झाडांच्या तोडीचा मार्ग त्याच न्यायालयात मोकळा झाला. रस्ता आधी ठरला आणि किंमत नंतर काढली, तर किंमत कितीही येवो, झाड हरतं. उलट २०२० मध्ये सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावच्या जुन्या वडासाठी लोक उभे राहिले तेव्हा महामार्गाची आखणीच बदलली. तिथं कुणी रुपयांत हिशोब केला नव्हता. नकाशातली रेघ सरकवली, बस.

म्हणून माझं भांडण झाडं तोडण्याच्या परवानगीशी नाहीच. परवानगीची वेळ येते तेव्हा सगळं ठरून गेलेलं असतं. माझं भांडण नकाशाशी आहे, आणि त्यासाठी नवा कायदाही लागत नाही. आमराईचंच घ्या. तिच्या सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत. पुण्यातल्या दोघांना प्लॉट पाडायचेत, एकाला कर्ज आहे. मी त्यांना शिव्या घालणार नाही, जमीन त्यांचीही आहे. पण बांधकामाचे जे एकत्रित नियम राज्यात २०२० पासून लागू आहेत, त्यात साधारण एकराच्या वरच्या, म्हणजे ४००० चौरस मीटर आणि पुढच्या लेआउटला दहा टक्के जागा मोकळी सोडावीच लागते. आमराईच्या भोवतीचं सगळं रान मिळून वीस एकर आहे. वीसचे दहा टक्के किती? दोन एकर. आमराई किती? दोन एकर!

बिल्डर ती दोन एकर सोडणारच आहे. फक्त सवयीप्रमाणं तो ओढ्याकाठचा तिरपा कोपरा सोडील, तिथं घसरगुंडी आणि चार पाम लावील, आणि आमराईवर प्लॉट पाडील. मोकळी जागा जिथं झाडं आहेत तिथंच धरा, एवढं एक वाक्य आराखड्यात घालायला कुणाचा रुपया जात नाही. रस्ता पंधरा मीटर पूर्वेला सरकवला तर मोकळ्या बांधावरनं जातो. त्या गरिबाच्या दोन एकरावरचं आरक्षणही मग उठवता येतं. भावकीतल्या अकरा जणांना बाकीच्या रानाचे पैसे मिळतात, आणि आमराईला लागून असलेल्या प्लॉटचा भाव कमी येईल असं मला कुणी सिद्ध करून दाखवावं.

बांधावरच्या लिंबाचंही तसंच. हद्दवाढीत आलेल्या शेतकऱ्यानं झाड राखलं तर त्याच्या घरपट्टीत काही सूट द्या. घरपट्टीच्या पावतीवर वृक्ष कर तुम्ही आमच्याकडून घेणारच, मग त्यातलेच थोडे राखणाऱ्याला परत द्या. आणि शेतीच्या कामापुरती फांदी छाटायची मुभा साध्या अर्जावर, आठ दिवसांत. एवढं आधी सांगितलं असतं तर शेजाऱ्याचे चौदा लिंब आज उभे असते. पाच वर्षांनी एकदा झाडांची गणती करायची असं त्याच १९७५ च्या कायद्यात आहे. मग हद्द वाढवली की पहिलं काम गणतीचं करा, रेघा नंतर मारा.

हे सगळं कोण ऐकेल, असं म्हणून घरी बसू नका. आराखड्याचं प्रारूप प्रसिद्ध झालं की कलम २६ प्रमाणं हरकती-सूचनांना तीस दिवस मिळतात. हरकत लेखी द्यायची, पोच घ्यायची, सुनावणीला स्वतः हजर राहायचं. 'आराखडा रद्द करा' असं मोघम लिहिलेला कागद फाइलीला लागतो आणि संपतो. गट नंबर, झाडाची जात, बुंध्याचा घेर, फोटो, आणि रस्ता कुठून न्यावा याची तुमच्या हातानं मारलेली रेघ, असं लिहिलं तर त्यावर काहीतरी उत्तर द्यावं लागतं. आणि ई-पीक पाहणीत बांधावरच्या झाडांची नोंद करायची सोय आहे, ती आपल्यातले किती जण करतात? मीही दोन वर्षं केली नव्हती. उद्या जमीन रस्त्यात गेली तर २०१३ च्या भूसंपादन कायद्यात झाडांचं मूल्य वेगळं धरायचं आहे. पण नोंदच नसेल तर साहेब म्हणणार, झाडं होती याला पुरावा काय?

आमच्या हरकतीला अजून एकोणीस दिवस आहेत. रविवारी सकाळी सात वाजता आमराईत जमतोय. प्रत्येक आंब्याचा घेर छातीच्या उंचीवर मोजायचा, नाव आणि नंबर लिहायचा, फोनवर ठिकाण टिपायचं. कृषी महाविद्यालयातली चार पोरं येतो म्हणालीत. मोजायला कापडी टेप आणा, लोखंडी नको, बुंध्याभोवती बसत नाही. चहा माझ्याकडं. शेप्याच्या दुसऱ्या फांदीवर आग्याचं पोळं बसलंय, तेव्हा कुणी अत्तर लावून येऊ नका आणि त्या झाडाखाली बिडी ओढू नका.